राधाकिशन मास्तरचा चौथा भाग

राधाकिशन मास्तरची उंची पाच फूट दोन इंच. छाती फुगवली तरी शर्टाचं बटण ताणलं जायचं नाही. पण क्लॅरिनेटवर एका दमात तो बावीस पावलं चालायचा. मी मोजलेलं आहे. आमच्या ब्यांडमध्ये दुसरा कोणी पंधराच्या पुढं गेला नाही.

मी त्या ब्यांडमध्ये मोठा ढोल वाजवायचो. ढोल अकरा किलोचा. पट्टा मानेत, वरात गावभर. लग्नसराई सोडून बाकी दिवस केजच्या मोंढ्यात हमाली केली, तीसएक वर्षं. त्यामुळं वजनाबद्दल मी अंदाजानं बोलत नाही.

राधाकिशनला चार एकर कोरडवाहू होती. लग्नसराईत ब्यांड आणि दिवाळीनंतर बायको छबुबाईबरोबर ऊसतोड. कोयता त्याला बेताचाच चालायचा. तोडायची ती आणि मोळ्या बांधायचा तो. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, त्यामुळं त्याला चिडवायला काही उरत नव्हतं.

त्याला एकच गोष्ट लागून राहिली होती. चौऱ्याहत्तर सालच्या एका दुपारी त्याच्या रेडिओवर परदेशी वाद्यांचा कार्यक्रम लागला. बाईनं सांगितलं, ह्याला सिंफनी म्हणतात, हिचे चार भाग असतात, आणि आजच्या सिंफनीत शेवटच्या भागाला गाणं आहे. राधाकिशन बाजेवर बसून ऐकत राहिला. तीन भाग झाले. तिसऱ्यातच आवाज बसत चालला होता. चौथा सुरू झाला आणि सेल संपले. त्यानं सेल काढून उन्हात ठेवले, दातांनी दाबले, परत घातले. तेव्हा बाजारभाव चालू होते. ज्वारी, करडई, सरकी.

"वाजवता वाजवता माणसं गायला कशी लागली आसतील बे?" तो मला विचारायचा. "आन् थांबली कशी?"

"दमली की थांबली आसतील."

"तसं न्हाई. काहीतरी हिशोब आसंल."

वरातीत त्याचा हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. वरातीत कुठलंच गाणं संपत नाही. मध्येच नवरदेवाचा मामा दुसऱ्या गाण्याची फर्माईश करतो. नाहीतर मारुतीचं देऊळ येतं, किंवा मांडव येतो. मांडव आला की अर्ध्या ओळीवर थांबायचं, कारण आत मंगलाष्टकं सुरू झालेली असतात. राधाकिशन म्हणायचा, "एकवीस वर्षं झाली, सिदू. आपलं एकबी गाणं मुक्कामाला गेलं न्हाई."

म्हणून त्यानं स्वतःच चार भागांचं रचायला घेतलं. शंभर पानी वहीत, सा-रे-गमच्या अक्षरांत, मात्रा मोजून. त्याला बारा वर्षं लागली. तीन भाग पूर्ण झाले. चौथ्यासाठी गाणं मिळेना. ते मिळवायचं आणि चारही भाग लोकांसमोर एकदा शेवटपर्यंत वाजवायचे, एवढंच त्याला पाहिजे होतं. दुसऱ्यांदा वाजवायची मागणी नव्हती.

तो काळ सहकाराचा होता. दूध, ऊस, कोंबड्या, लाऊडस्पीकर, सगळ्याची सोसायटी. आमच्या ब्यांडचीही झाली. सभासद अकरा. सेक्रेटरी धर्मराज. तो ताशा वाजवायचा आणि त्याचं अक्षर बरं होतं, म्हणून सेक्रेटरी. नोंदणी झाल्यापासून सराव कमी झाला आणि सभा वाढल्या. ट्रंपेटची चावी बदलायची तरी ठराव लागायचा. एकदा कोरम पुरा होईना म्हणून आम्ही अर्धा तास थांबलो, तेवढ्यात वरात निघून गेली.

मग शहाऐंशी साल आलं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नाही. लग्नं देवळात उरकायला लागली, तीही ब्यांडशिवाय. अकराचे अकरा सभासद गावाबाहेर पाझर तलावाच्या कामावर गेलो. पुरुषांनी खणायचं, बायांनी पाट्या वाहायच्या आणि बांध चोपायचा. ढोल घरी पत्र्याखाली पडून होता. मी घरी गेल्यावर त्याची वादी तेवढी ओढून ठेवायचो.

दसऱ्याच्या सुमारास माजलगावकडच्या एका साखर कारखान्याचा निरोप आला. बॉयलर पेटवायचा समारंभ होता. ऊस नव्हताच, पण बॉयलर पेटवावाच लागतो. चेअरमन भगवानराव म्हणजे मोठं प्रस्थ, दीडशे एकर बागायत. राधाकिशन आणि मी त्यांना भेटायला गेलतो.

"अर्धा तास वाजवा," भगवानराव म्हणाले. "काय बी वाजवा. फक्त लग्नाचं नको. मागल्या वर्षी वरातीचं वाजवलं आन् आमदार नाचायला लागले."

काय बी वाजवा, असं राधाकिशनला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं.

"साहेब, माझं चार भागांचं हाय. शेवटाला गाणं हाय."

"शेवट हाय ना?"

"हाय."

"मग चालंल."

चौथ्या भागाचं गाणं ठरवायला तलावावरच जेवणाच्या सुट्टीत सर्वसाधारण सभा भरली. बाभळीखाली अकरा जण, भाकरी हातावर. धर्मराजनं इतिवृत्ताची वही मांडीवर घेतली.

"माझं म्हननं," धर्मराज म्हणाला, "कारखान्याचे सतरा संचालक हायेत. एकेकाला एकेक ओळ द्या. पुढल्या वर्षीचं काम पक्कं."

"सतराव्या संचालकापस्तोर कोण जागं राहील बे?" मी म्हणालो. "भजन घ्या. भजन सगळ्यांना येतं."

"येतं म्हनून तर सगळे उठून जातेत."

मतं टाकली. संचालकांना पाच, भजनाला पाच. राधाकिशननं मत दिलंच नाही. तो दुसरीकडंच बघत होता.

शेजारी बांधावर बायांनी जेवण आटोपून काम सुरू केलं होतं. त्यांच्या हातात धुमस होते. धुमस म्हणजे ताटाएवढी लोखंडी चकती, वर लाकडी दांडा. वजन सात किलो. गुडघ्यापर्यंत उचलायचा आणि सोडायचा. मातीचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं चोपायचं, मग वर दुसरा थर. नऊ बाया दोन रांगांत समोरासमोर उभ्या. छबुबाई पुढं. ती म्हणायची, बाकीच्या उचलून धरायच्या.

*उचल गं बाई, उचल गं,*
*माती अजून पोकळ गं,*
*टाक गं बाई, टाक गं,*
*पाण्याला बसंल धाक गं.*

राधाकिशन म्हणाला, "ठराव झाला."

"कसा काय?" धर्मराज म्हणाला. "समसमान मतं हायेत."

"खाली बघ."

आम्ही खाली बघितलं. अकरा जणांचे बावीस पाय धुमसाच्या ठेक्यावर हलत होते. धर्मराजचे सगळ्यांत जोरात. त्यानं वहीत काय लिहिलं मला माहीत नाही, पण एकमतानं असं लिहिलं असणार.

छबुबाईला विचारायला राधाकिशन मला बरोबर घेऊन गेला. बायकोला एकटं विचारायची त्याची तयारी नव्हती.

"तुमच्या बाज्यात आमी गायाचं?" छबुबाई म्हणाली.

"शेवटच्या भागात. तीन भाग आमी वाजवनार, चौथ्यात तुमी यायचं."

"म्हंजे तुमी दमल्यावर आमाला बोलावनार."

"तसंच ते आसतं," राधाकिशन म्हणाला. "परदेशात बी."

"परदेशातल्या बाया हातात काय घेत्यात?"

हे राधाकिशनला ठाऊक नव्हतं. रेडिओवर दिसत नाही. छबुबाई म्हणाली, "मोकळ्या हातानं आमचा ठेका चुकतो. धुमस घेऊन येनार. आन् आजून एक. थांबायचं कडवं माती बसल्याबिगर म्हननार न्हाई. कच्च्या मातीवर ते म्हटलं की बांध फुटतो."

"बरं बरं," राधाकिशन म्हणाला. तो मनात मात्रा मोजत होता.

धुमस सरकारी होते. मुकादमानं नऊ धुमसांची पावती धर्मराजकडून लिहून घेतली आणि कारणाच्या रकान्यात 'संगीत' असं घातलं.

सराव खळ्यावर केला. चारही भाग मिळून तीस मिनिटं. पहिल्या भागात ढग येतात आणि जातात. दुसरा भाग हळू. त्यात मला ढोलावर एकदाच टोला होता. एका टोल्यासाठी अकरा किलो सात मिनिटं मानेत. मी विचारलं, ढोल खाली ठेवू का? राधाकिशन म्हणाला, "न्हाई. टोला उभ्या मानसाचा पायजे." हे मला पटलं. ट्रंपेटवाल्यांना चौसष्ट मात्रा गप्प राहायचं होतं. त्यांना ते जमेना. वाजवायला दम लागतो तेवढाच न वाजवायला लागतो, हे त्यांना तेव्हा कळलं. शिवाय आम्हाला सगळ्यांना चालत वाजवायची सवय. उभं राहून वाजवलं की सूर अडकायचा. शेवटी राधाकिशननं जागच्या जागी पाय उचलायची परवानगी दिली.

चौथ्या भागात बाया आल्या. सहा फेऱ्या झाल्या, छबुबाईनं टाच आपटून बघितली, जमिनीवर टाचेची खूण उठली नाही, तिनं थांबायचं कडवं म्हटलं. सगळे एका ठोक्यावर थांबलो. राधाकिशननं वहीत लिहिलं, फेऱ्या सहा, मात्रा एकशे ब्याण्णव, समाप्त. आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही की खळं म्हणजे पन्नास वर्षं चोपलेली जमीन.

समारंभाच्या दिवशी कारखान्याचा ट्रक आला. कारखान्यावर बॉयलरसमोर मांडव होता, खुर्च्या होत्या, दोन-अडीच हजार शेतकरी होते. अंगणात नवा मुरूम टाकलेला. मी ढोल उतरवला तेव्हा पाय घोट्यापर्यंत गेला. मुरूम वीतभर जाड, कोरडा ठणठणीत. त्यावर ना रोलर फिरला होता, ना पाणी पडलं होतं. पाणी होतं, पण ते टँकरमध्ये. सकाळी पाहुण्यांच्या वाटेवर अर्धा टँकर शिंपडला होता आणि जातानाही त्यांच्यावर धूळ उडू नये म्हणून उरलेला अर्धा मांडवाशेजारी राखून ठेवला होता.

मी राधाकिशनला म्हणालो, "मास्तर, मुरूम कच्चा हाय."

"आसू दे. आपल्याला वाजवायचं हाय."

तीन भाग सरळ पार पडले. पहिल्यात लोक बोलत होते. दुसऱ्यात माझा टोला बसला तेव्हा पुढच्या रांगेतला एक संचालक दचकून जागा झाला. तिसऱ्यात राधाकिशननं एका दमात असा काही सूर धरला की मी मनातल्या मनात सव्वीस पावलं मोजली. मग त्यानं मान हलवली आणि नऊ बाया धुमस घेऊन मुरमात उतरल्या.

पहिलाच ठोका धप असा आला. खळ्यावर तो ठण यायचा. पांढरी धूळ उठली आणि पहिल्या रांगेतल्या कडक खादीवर बसली. कोरडा मुरूम चोपला की दबत नाही, बाजूला सरकतो. हे कोणत्याही मजुराला माहीत आहे. छबुबाईलाही माहीत होतं.

सहा फेऱ्या झाल्या. राधाकिशननं क्लॅरिनेट वर करून खूण केली. छबुबाईनं टाच आपटली. टाच आत गेली. ती म्हणाली:

*उचल गं बाई, उचल गं,*
*माती अजून पोकळ गं.*

आम्ही पुन्हा सुरू केलं. बारा फेऱ्या झाल्या. राधाकिशननं पुन्हा खूण केली, पुन्हा टाच आत गेली. मिनिटाला तीस वेळा सात किलो, नऊ बाया. माझा हिशोब चालू होता. ट्रंपेटवाल्यांचे ओठ पांढरे पडले. भगवानरावांनी घड्याळ बघितलं. मुहूर्त अकरा वीसचा होता. त्यांनी धर्मराजला बोटानं जवळ बोलावलं. तो ताशा वाजवतच गेला.

"हे किती वेळ हाय?"

"साहेब, ठरावात वेळ न्हाई."

"मग थांबवा."

"थांबवायचं कडवं बाईकडं हाय."

धर्मराज वाजवतच परत आला आणि राधाकिशनच्या कानाशी म्हणाला, "मास्तर, चेअरमन थांबा म्हनत्यात."

राधाकिशननं क्लॅरिनेट तोंडातून काढलं नाही. पण मी त्याचा चेहरा बघत होतो. आजवर दुसऱ्यांनी त्याचं गाणं तोडलं होतं. आज त्यानं नुसतं क्लॅरिनेट खाली घेतलं असतं तरी ब्यांड थांबला असता, मुहूर्त साधला असता, भगवानराव खूश झाले असते. आणि चौथा भाग पुन्हा अर्धाच राहिला असता. त्यानं डोळे मिटले आणि तेराव्या फेरीला सूर धरला.

छबुबाईची ठरलेली कडवी संपली होती. तलावावर संपली की ती मुकादमावर रचायची. इथं मुकादम नव्हता. तिनं मांडवाकडं बघितलं.

*मुरूम टाकला कोणी गं,*
*त्याला न्हाई दिलं पाणी गं.*

मागच्या शेतकऱ्यांत हसू पसरलं.

*गुत्तेदार आमचा नवा गं,*
*मुरमात भरली हवा गं.*

आता लोक उठून पुढं आले. तीन भाग ज्यांनी बिड्या ओढत घालवले होते ते कान देऊन उभे राहिले.

*गुत्तेदार कोणाचा मेव्हणा गं,*
*नाव त्याचं कुणी घेईना गं.*

मुरमाचं गुत्तं, म्हणजे कंत्राट, भगवानरावांच्या मेव्हण्याकडं होतं. हे छबुबाईला माहीत नव्हतं. ती कोणाचा तरी मेव्हणा असणार एवढ्याच अंदाजानं बोलली. पण माजलगावच्या शेतकऱ्यांना माहीत होतं. ते इतके हसले की भटजींनीही पंचांग तोंडापुढं धरलं. मेव्हणा दुसऱ्या रांगेत होता. तो उठला आणि शेजारच्याला म्हणाला, "मी पाणी पिऊन येतो." शेजारचा म्हणाला, "येताना मुरमाला बी आना."

*टँकर उभा दारात गं,*
*चेअरमन पडला विचारात गं.*

भगवानराव फार वेळ विचारात राहणारा माणूस नव्हता. तीन निवडणुका जिंकलेल्या. ते उठले, माईक हातात घेतला. "माझ्या भगिनींनी एक मुद्दा मांडलेला हाय," ते म्हणाले. "आन् कारखान्याचा चेअरमन म्हनून मी तो मान्य करतो. टँकर आना."

टाळ्या पडल्या. टँकर आला. पाइप सोडला, मुरूम भिजला, संचालकांचे बूटही भिजले. धर्मराज लगेच ताशा उचलून तयार झाला, पण छबुबाईनं हात वर केला.

"पिऊ द्या त्याला," ती म्हणाली.

बरोबर होतं. पाणी मारल्या मारल्या चोपलं तर चिखल होतो. मुरमानं पाणी प्यायला वेळ द्यावा लागतो. बायांनी धुमस पायाशी टेकवले. अडीच हजार माणसं जमिनीकडं बघत उभी राहिली. तेवढा वेळ राधाकिशननं एकट्यानं वाजवलं. ते वहीत नव्हतं. आधी रचलेलंही नव्हतं. खालच्या पट्टीत, हळू, पाणी मुरण्याच्या बेतानं. त्या चार मिनिटांत मी ढोलाला हात लावला नाही. ते ढोलाचं काम नव्हतं.

मग छबुबाईनं धुमस उचलला. पहिल्या चार फेऱ्या धप, पाचवी मधली, सातव्या फेरीला आवाज बदलला आणि ठण आला. माझा ढोल त्यात बरोबर बसला. अकराव्या फेरीला तिनं टाच आपटली. टाच उठली नाही. ती दोन पावलं पुढं गेली, तिथं आपटली. तिथंही नाही. मग तिनं राधाकिशनकडं बघितलं. त्यानं काही खूण केली नाही. तो फक्त वाजवत राहिला.

*थांब गं बाई, थांब गं,*
*मातीचा झाला खांब गं.*

नऊ धुमस, अकरा वाजवणारे, एका ठोक्यावर थांबलो. कोणाचा एक सूर मागं राहिला नाही.

टाळ्या आल्या नाहीत. लोकांना वाटलं अजून कोणावर तरी कडवं यायचं आहे. मग मागून एक म्हातारा शेतकरी पुढं आला. चोपलेल्या तुकड्यावर गेला, पायातली वहाण काढली, टाच आपटली, पुन्हा आपटली, आणि मान डोलावली. तेव्हा टाळ्या सुरू झाल्या.

मुहूर्त पंचवीस मिनिटं मागं पडला होता. भटजींनी पंचांग उलटून दुसरा काढला. बॉयलर पेटला. हंगाम एकेचाळीस दिवस चालला, कारण ऊसच तेवढा होता.

परतताना ट्रकमध्ये बाया धुमसांवर डोकी टेकून झोपल्या होत्या. छबुबाई जागी होती, तळहाताला तेल चोळत होती. मी राधाकिशनला विचारलं, "झालं का मनासारखं?"

"शेवट मी लिहिला तिथं आला न्हाई."

"तुमी लिहिला तिथं माती पोकळ व्हती," छबुबाई म्हणाली. "तिथं थांबला आसता तर थांबायच्या कडव्यासाठी आयुष्यभर माझ्या तोंडाकडं बघत बसला आसता."

त्यानं तिच्या हातातली तेलाची बाटली घेतली आणि स्वतःच्या बोटांना लावायला लागला. तिनं ती परत काढून घेतली. "आधी ट्रंपेटवाल्यांना द्या. त्यांचे ओठ बघा."

पुढच्या सभेत धर्मराजनं ठराव मांडला की चौथा भाग यापुढं सहा फेऱ्यांचाच ठेवावा, म्हणजे गिऱ्हाईक टिकेल. बाजूनं दहा मतं पडली. मीही दिलं, कारण अकरा किलो माझ्या मानेत होते. विरोधात एकटा राधाकिशन. त्यानं त्याच सभेत वही काढली आणि सहा फेऱ्या, मात्रा एकशे ब्याण्णव हे खोडून तिथं दुसरं लिहिलं. नंतर आम्हाला कोणी ते वाजवायला बोलावलं नाही, त्यामुळं ठराव आणि वही यांचं भांडण झालं नाही.

भांडण झालं ते ऑडिटरशी. मार्चमध्ये तो सोसायटीचं दप्तर तपासायला आला. कार्यक्रमांची यादी बघताना त्यानं ती वहीही मागितली. चौथ्या भागावर बोट ठेवून म्हणाला, "मास्तर, इथं कालावधी 'माती बसेपर्यंत' असं लिहिलंय. म्हणजे नक्की किती मिनिटं?"

राधाकिशननं वही मिटली. "कुठं वाजवायचं हाय ते सांगा," तो म्हणाला. "जमीन बघून सांगतो."